हीटर कोमट पडतो तेव्हा

दिवाळी सरली की शिरूर आणि दौंड तालुक्यांतले रस्ते रात्रीही जागे असतात. ऊसतोड सुरू झालेली असते, केडगाव-यवत पट्ट्यातली गुऱ्हाळं पेटलेली असतात आणि मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या, फ्लॉवर, कांदा भरलेल्या पिकअप गाड्या उजाडायच्या आत पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात पोचायचं म्हणून मध्यरात्रीनंतरच गाव सोडतात. या दिवसांत इथला पारा दहा अंशांच्या खाली उतरला तर कुणाला नवल वाटत नाही. पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंश सेल्सिअस इतक्या नीचांकी तापमानाची नोंद झाली होती. इतकी थंडी आता पडत नसली, तरी नदीकाठच्या उसाच्या फडांमधून जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे तीनला स्टिअरिंग धरणाऱ्याची बोटं बधिर व्हायला आठ-नऊ अंशही पुरतात.

अशा वेळी ड्रायव्हर हीटरचा नॉब लाल रेघेपर्यंत फिरवतो. ब्लोअर जोरात घुमतो, पण तोंडावर येतो तो जेमतेम कोमट वारा. गाडी आठ-दहा वर्षांची असली की बहुतेक जण नॉब बंद करतात, मफलर घट्ट आवळतात आणि ‘जुनी गाडी, चालायचंच’ म्हणून विषय संपवतात. वर्षातले दहा महिने इथे हीटर लागतही नाही, त्यामुळे त्याच्यावर खर्च करायला कुणी तयार नसतं.

या प्रकरणाचा सांगावा एकच आहे: हा विषय असा संपवू नका. हीटरजवळ स्वतःची उष्णता नसते. इंजिनाच्या पाण्यातली उष्णता तो केबिनमध्ये आणतो, एवढंच त्याचं काम. म्हणून कोमट हीटर ही बहुतेक वेळा इंजिन थंड ठेवणाऱ्या यंत्रणेची तक्रार असते. थंडीत ती ऐकून घेतली, तर एप्रिल-मेच्या उन्हात भरल्या गाडीनिशी रस्त्याच्या कडेला बोनेट उघडून उभं राहण्याची वेळ टळते.

काचेवरचं धुकं

हीटरकडे चैन म्हणून पाहू नये, याचं पहिलं कारण पुढची काच आहे. बंद केबिनमध्ये दोघं-तिघं बसले की श्वासातली वाफ गार काचेला लागून तिथेच थिजते आणि काच आतून धुरकट होते. बाहेर भीमेच्या, घोड नदीच्या काठाला धुकं असतं. समोर उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली असते आणि पुष्कळदा तिच्या मागे दिवाही नसतो, रिफ्लेक्टरही नसतो. एका हाताने फडक्याने काच पुसत आणि दुसऱ्याने स्टिअरिंग सांभाळत गाडी हाकणं जिवावर बेतू शकतं.

काचेवर सोडलेला गरम वारा दोन कामं करतो. तो काच तापवतो, म्हणजे तिच्यावर वाफ थिजत नाही. आणि गरम हवेत बाष्प धरून ठेवण्याची ताकद जास्त असल्याने ओलावा तो उचलून नेतो. यासाठी हवा बाहेरून घ्यायला हवी. थंडी वाजते म्हणून आतलीच हवा फिरवत ठेवली, तर श्वासाची वाफही आतच फिरते. बाहेरची ताजी हवा इंजिनाच्या गरम पाण्यावर तापवून आत घ्यायची पद्धत अमेरिकेतल्या नॅश कंपनीने १९३८ च्या मोटारींत आणली; पुढे ती ‘वेदर आय’ या नावाने ओळखली गेली. आजही हीटर त्याच तत्त्वावर चालतात. गाडीत एसी असेल तर हीटरबरोबर तोही सुरू करावा. एसी हवेतलं पाणी काढून घेतो, हीटर ती हवा तापवतो आणि काच लवकर स्वच्छ होते.

उष्णता येते कुठून

डिझेल जळून जी ऊर्जा निघते, तिचा ढोबळ मानाने एक तृतीयांश भाग चाकांपर्यंत जाण्याजोगा असतो. तेवढाच सायलेन्सरमधून बाहेर पडतो आणि जवळपास तेवढाच इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यात उतरतो. हे पाणी वॉटर पंप फिरवतो. इंजिन गार असताना थर्मोस्टॅट नावाची झडप रेडिएटरकडची वाट बंद ठेवते आणि पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरून लवकर तापतं. ठरावीक तापमान, बऱ्याच गाड्यांत ८२ अंशांच्या आसपास, गाठलं की झडप उघडते आणि जास्तीची उष्णता रेडिएटरमधून बाहेर जाऊ लागते.

याच फेऱ्यातून एक छोटी शाखा केबिनकडे जाते. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीतून दोन रबरी होज पाइप आत शिरतात. एकातून गरम पाणी डॅशबोर्डमागच्या छोट्या जाळीत जातं, दुसऱ्यातून परत येतं. ही जाळी म्हणजे लहानसा रेडिएटरच. गॅरेजमध्ये तिला हीटर कॉइल म्हणतात. ब्लोअर तिच्यातून वारा सोडतो. म्हणून हीटर कोमट पडायला तीनच वाटा राहतात: पाणी पुरेसं गरम नाही, गरम पाणी जाळीपर्यंत पोचत नाही, किंवा जाळी तापूनही वारा तिच्यातून नीट जात नाही. पुढचा सगळा शोध या तीन प्रश्नांच्या क्रमाने करायचा. क्रम सोडला की चांगले पार्ट उगाच बदलले जातात.

आधी पातळी, मग काटा

सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, बोनेट उघडा. रेडिएटरचं झाकण काढून पाणी काठापर्यंत आहे का पाहा. शेजारच्या बाटलीतली पातळी दोन खुणांच्या मध्ये असली म्हणजे रेडिएटर भरलेलाच आहे, असं धरून चालू नका. झाकणाचं रबर गेलं असेल तर बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा, असंही होतं.

गरम इंजिनाचं झाकण मात्र कधीही उघडायचं नाही. शिरूर-दौंडचा भाग समुद्रसपाटीपासून पाचशे-साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. इथे उघड्या भांड्यात पाणी सुमारे ९८ अंशांना उकळतं. रेडिएटरचं झाकण ०.९ बार दाबाचं असेल, तर आतलं पाणी ११७-११८ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण सैल केलं की तो दाब एका क्षणात जातो, पाण्याची वाफ होते आणि ती तोंडावर, हातावर उसळते.

पातळी ठीक असेल तर गाडी वीसेक मिनिटं रस्त्यावर चालवा आणि तापमानाच्या काट्याकडे लक्ष ठेवा. काटा रोजच्या जागेवर, बहुतेक गाड्यांत मध्याच्या जवळपास, येऊन स्थिर राहिला तर इंजिन तापतंय. तो खालीच रेंगाळत असेल, चढाला थोडा वर येऊन उतारावर पुन्हा पडत असेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे किंवा कुणीतरी काढून टाकला आहे. खात्री करायला गार इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या होज पाइपला हात लावा. थर्मोस्टॅट चांगला असेल तर हा पाइप बराच वेळ गार राहतो आणि झडप उघडताच थोड्याच वेळात चटका देऊ लागतो. सुरुवातीपासूनच तो हळूहळू कोमट होत गेला, तर पाण्याला अडवणारं मध्ये कुणी नाही.

काढून टाकलेला थर्मोस्टॅट

आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत हा दोष वारंवार सापडतो, आणि तो माणसाच्या हातून झालेला असतो. उन्हाळ्यात माल भरून पाटसकडून रोटी घाट चढताना काटा लाल रेघेकडे सरकतो. गॅरेजमध्ये सल्ला मिळतो, ‘वॉल्व्ह काढून टाकू, पाणी मोकळं फिरेल.’ थर्मोस्टॅट निघतो, गाडी काही दिवस बरी वाटते आणि खरा दोष, म्हणजे चोंदलेला रेडिएटर, सैल फॅन बेल्ट किंवा दमलेला पंप, आहे तिथेच राहतो.

याची किंमत थंडीत मोजावी लागते. इंजिन नीट तापतच नाही. गार इंजिनात डिझेल पूर्ण जळत नाही, धूर वाढतो, ॲव्हरेज उतरतं, ऑइलमध्ये ओलावा राहतो आणि सिलिंडरची झीज वाढते. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅटला दोन झडपा असतात. रेडिएटरची वाट उघडताना दुसरी झडप इंजिनातली आडवाट बंद करते. अशा इंजिनातून थर्मोस्टॅट काढला की आडवाट कायमची उघडी राहते, बरंचसं गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच परत इंजिनात जातं आणि ज्या भीतीने झडप काढली, तेच घडतं: उन्हाळ्यात गाडी आणखी तापते.

काढलेला थर्मोस्टॅट चांगला आहे की बाद, हे घरी तपासता येतं. त्याच्या कडेवर किंवा तळाशी ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. पुन्हा स्वयंपाकाला वापरायचं नाही असं जुनं पातेलं घ्या, त्यात पाणी भरा आणि थर्मोस्टॅट दोऱ्याने असा टांगा की तो बुडेल पण तळाला टेकणार नाही. तळाला टेकला तर भांड्याच्या पत्र्याची उष्णता त्याला थेट लागते आणि अंदाज चुकतो. पाण्यात थर्मामीटर धरा. मात्र ताप मोजायचा चालणार नाही, तो ४२-४३ अंशांवर संपतो. पाणी तापू लागलं की सुरुवातीला काहीच हलत नाही. आकड्याच्या जवळपास आल्यावर पितळी चकती कडेपासून केसाएवढी सुटते, मग सावकाश वर उचलली जाते आणि पाणी उकळायला येईपर्यंत आठ-दहा मिलिमीटर उघडते. आतल्या डबीतलं मेण वितळून फुगतं आणि दांडीला ढकलतं, म्हणून हे घडतं. गॅस बंद करून पाणी निवू द्या. चकती पुन्हा घट्ट बसली पाहिजे. गार असतानाच फट दिसत असेल, तर तो थर्मोस्टॅट बाद समजा.

नवा बसवताना आकडा गाडीच्या पुस्तकातलाच घ्या. कडेला बारीक छिद्र आणि त्यात हलती पिन असेल तर ती वरच्या अंगाला ठेवा, म्हणजे भरताना अडकलेली हवा तिथून निघून जाते.

दोन पाइपांची परीक्षा

काटा जागेवर असूनही वारा कोमट असेल, तर पुढचा शोध त्या दोन होज पाइपांवर. गाडी गरम करा, हीटर पूर्ण वर ठेवा, सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा आणि इंजिन बंद करून लगेच पत्र्याच्या भिंतीजवळ दोन्ही पाइपांना जपून हात लावा. बोनेटखाली हात घालण्याआधी मफलर, उपरणं, सैल बाही आवरून घ्या. इलेक्ट्रिक फॅन असेल तर इंजिन बंद असतानाही तो अचानक फिरू शकतो.

दोन्ही पाइप चटका देत असतील तर पाण्याची बाजू निर्दोष आहे; दोष वाऱ्याच्या बाजूला शोधा. एक पाइप कडक आणि दुसरा कोमट असेल तर पाणी जाळीतून मोकळं जात नाही. जाळी चोंदली आहे किंवा हीटरचा कॉक अर्धवटच उघडतो आहे. काही गाड्यांत हा कॉक एका केबलने फिरतो. वर्षानुवर्षं न वापरल्याने केबल गंजते किंवा क्लिपमधून निसटते आणि नॉब फिरला तरी कॉक जागचा हलत नाही. नॉब फिरवताना दुसऱ्याला बोनेटखाली पाहायला सांगा; कॉकची कांडी हलते की नाही, लगेच कळतं. दोन्ही पाइप कोमट असतील तर जाळीकडे पाणी जातच नाही: पंप कमजोर असेल, कॉक पूर्ण बंद असेल किंवा मध्ये हवा अडकली असेल.

बोअरचं पाणी

जाळी चोंदते कशाने, याचं उत्तर या भागात जमिनीखाली सापडतं. शिरूर-दौंड पर्जन्यछायेत येतात. पाऊस वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास. भूगर्भातलं पाणी बेसॉल्टच्या भेगांतून मुरत येतं आणि वाटेत कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार घेतं. बागायती पट्ट्यात, जिथे वर्षानुवर्षं पाणी साचून जमिनी क्षारपड झाल्या, तिथे ते आणखी जड होतं. हे पाणी तापलं की त्यातल्या बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं आणि ते दगडासारखं घट्ट बसतं. घरातल्या तांब्याच्या बंबाला आतून जो पांढरा थर धरतो, तोच थर इंजिनात धरतो.

रेडिएटरमध्ये पाणी कमी दिसलं की आपण काय करतो? विहिरीवरच्या मोटरीचं, हापशाचं, नाहीतर धाब्यावरच्या पिंपातलं बाटलीभर पाणी ओततो. प्रत्येक बाटलीबरोबर थोडे क्षार जातात. इंजिनातल्या गंजाचे कपचेही त्यात मिसळतात. हीटरच्या जाळीच्या नळ्या बारीक असतात आणि बहुतेक वर्षभर कॉक बंद असल्याने तिथलं पाणी हलत नाही. म्हणून गाळ तिथे आधी बसतो. रेडिएटरमध्येही तोच थर वाढत असतो, पण त्याच्या अंगी राखीव ताकद असल्याने ते उन्हाळ्यापर्यंत उघड होत नाही. चोंदलेली हीटर जाळी हा त्याचा आधी मिळालेला इशारा आहे.

जाळी धुण्यासाठी, इंजिन गार असताना, दोन्ही पाइप खूण करून सोडवा आणि पाणी ज्या वाटेने बाहेर येतं त्या वाटेने उलटं सोडा. बागेच्या पाइपाचा साधा दाब पुरे. सर्व्हिसिंग सेंटरचा प्रेशर पंप किंवा हवेचा कॉम्प्रेसर लावला तर जुनी जाळी फुटते आणि ती बदलायला अनेक गाड्यांत सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. सुरुवातीला तांबूस गढूळ पाणी येईल, मग पांढऱ्या-करड्या पापुद्र्यांचे तुकडे. धार स्वच्छ आणि जोरकस होईपर्यंत दोन्ही बाजूंनी आळीपाळीने धुवा. तीव्र ॲसिड टाळा. ॲल्युमिनियमची जाळी त्याने गळायला लागते.

नंतर भरायचं ते कूलंट, गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या प्रकारचं. तयार मिश्रण घ्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात मिसळा. हे पाणी बॅटरीच्या दुकानात सहज मिळतं. ‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?’ असं म्हणून कूलंट टाळलं जातं, पण इथे त्याचं मोठं काम गंज आणि थर रोखणं हे आहे. उत्कलनबिंदू वाढतो, तो वेगळा फायदा. जुनं कूलंट मात्र चारीत, गोठ्याजवळ किंवा रस्त्यावर ओतू नका. त्यातलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटात गेलं तर जीवघेणं असतं. कुत्री, वासरं ते चाटतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर नाव लिहून, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा आणि गॅरेजमध्ये जुन्या ऑइलबरोबर, पण वेगळं, द्या.

हवा अडकली की

हीटर गाडी पळताना बरा आणि सिग्नलला उभं राहिलं की गार, असं होत असेल तर पाणी कमी आहे, पंप दमला आहे किंवा हवा धरली आहे. डॅशबोर्डमागे पाण्याची खळखळ ऐकू आली तर हवेचा संशय पक्का होतो. कूलंट बदलल्यावर हे हमखास होतं.

हवा काढायला गाडीचं नाक चढाकडे करून उभी करा, चाकांना दगड लावा. इंजिन गार असताना झाकण काढा, हीटर पूर्ण उघडा, मग इंजिन सुरू करून तसंच चालू द्या. बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, तसतसं कूलंट घालत राहा. बुडबुडे थांबले की पाणी उसळायच्या आत झाकण लावा. इंजिनावर हवा सोडण्याचा स्क्रू असेल तर पुस्तकात सांगितल्याप्रमाणे तो वापरा.

हे करूनही बुडबुडे थांबत नसतील, रोज पाणी कमी होत असेल, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल किंवा ऑइल दुधाळ दिसत असेल, तर हेड गॅस्केट उडाल्याची शंका घ्या. तेव्हा हीटरचा नाद सोडून गाडी चांगल्या फिटरकडे न्या. तसंच केबिनच्या गालिच्याखाली ओल, गोड वास आणि काचेवर चिकट धुरकटपणा, ही जाळी गळत असल्याची खूण आहे. नवी जाळी बसेपर्यंत दोन्ही पाइप एकमेकांना जोडून तिला फेऱ्यातून वगळता येतं.

वाऱ्याची बाजू

दोन्ही पाइप कडक गरम असूनही केबिन गार असेल तर काम तुलनेने सोपं असतं. वारा जाळीतून न्यायचा की बाजूने, हे एक फ्लॅप ठरवतो. त्याच्या कडेचा फोम झडला किंवा केबल सुटली की गार वारा मिसळत राहतो. नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवताना शेवटी ‘टक’ असा आवाज आला पाहिजे. ब्लोअर फक्त शेवटच्या स्पीडवरच चालत असेल तर त्याचा रेझिस्टर जळला आहे. तो बदलणं किरकोळ काम आहे. काचेखालच्या हवेच्या जाळीत लिंबाचा पाला, उसाचं पाचट, धूळ साचते, ती साफ करा. केबिन फिल्टर असेल तर बदला.

छोट्या मालवाहू गाड्यांच्या स्वस्त मॉडेलांत हीटर दिलेलाच नसतो. त्यांच्या मालकांनीही काटा, थर्मोस्टॅट, पाणी आणि कूलंट यांबद्दलचं सगळं तसंच लक्षात ठेवावं. त्यांच्याकडे इशारा देणारा हीटर नाही, म्हणून काट्याकडे जास्त बारकाईने पाहावं लागेल.

या तपासणीला वर्षातला उत्तम दिवस म्हणजे दसऱ्याचा आदला. गाडी धुतली जातेच. त्याच वेळी पातळी, होज पाइप, क्लिपा, बेल्ट आणि झाकणाचं रबर पाहून घ्या. वर्षभर आठवड्यातून एकदा पाच मिनिटं हीटर उघडा ठेवा, म्हणजे जाळीतलं पाणी हलतं आणि कॉक जाम होत नाही. आणि गॅरेजमध्ये कुणी थर्मोस्टॅट काढून टाकायला सांगितलं, तर त्याला आधी रेडिएटर उघडून दाखवायला सांगा. गाडी तापते कशाने, हे त्याने दाखवल्याशिवाय झडपेला हात लावू देऊ नका.